पाव इंच

"नाही टोचून घेणार. बास झालं!" लेकीने पांघरूण डोक्यावरून ओढलं.

आई इंजेक्शनचं पेन हातात धरून पलंगाशी तशीच उभी राहिली. तीन महिने रोज झोपण्याआधी हेच. एवढ्या दिवसांत मांड्यांवरचे निळे डाग तेवढे वाढले होते.

"अगं, सुरुवातीला दिसत नाही उंची. डॉक्टर म्हणाल्यात ना?"

"वाढतच नाही, तर दिसेल कुठून? चौदा वर्षांची आहे मी. आजही वर्गात सगळे 'अर्धं तिकीट' म्हणाले. तूच बघ ना मोजून. टेप कुठाय तुझी?"

टेप आईने केव्हाच लपवली होती. डॉक्टरांचं पुढचं बोलणंही तिने लेकीला सांगितलं नव्हतं. हाडांची टोकं मिटत आलीत, ती मिटली की उंची थांबली, वर्षभरच हातात आहे, एक दिवसही चुकवू नका.

हातापाया पडून त्या दिवशीचं इंजेक्शन झालं. उद्याचं काय?

सकाळी तिने लेकीची शाळेची पँट पिशवीत घालून दुकानात नेली. लोकांचे कपडे आखूड-लांब करून देणं हेच तिचं काम. तिने खालची दुमड उसवली, पाव इंच जास्त आत घेतली, नवी टीप मारली. जुन्या घडीची रेघ ओलं फडकं ठेवून इस्त्रीने घालवली. मग दुसरी पँट. मग शर्टाच्या बाह्या. पुढच्या महिन्यात पुन्हा पाव इंच.

"आई! घोटा बघ, घोटा दिसतोय!"

"बाई गं! आता नवीच शिवायला हवी," म्हणत आई पाणी प्यायला आत गेली. बराच वेळ आलीच नाही.

लेक पुन्हा शिट्ट्या मारू लागली. भांडायलासुद्धा लागली. एकदा म्हणाली, "माझं मीच घेत जाईन इंजेक्शन. सुई मला आणि कळ तुला, असला प्रकार नको."

आईला भरून आलं. पोर शहाणी झाली. फ्रिजमधलं औषध वेळच्या वेळी संपत होतं. ते लागू पडेपर्यंत पोरीचा धीर टिकवायचा, बस.

वर्षाच्या तपासणीला लेक ऐटीत भिंतीला टाचा टेकवून उभी राहिली. "सांगा, किती?"

डॉक्टरांनी दोनदा मोजलं. हाताचा एक्स-रे उजेडात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"हाडं मिटली," त्या आईला म्हणाल्या. "आता औषधाचा उपयोग नाही. पण असं व्हायला नको होतं हो. डोस चुकले का?"

"एकही नाही."

लेक आईकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"आई, मी सहा महिने औषध बेसिनमध्ये सोडत होते. कपडे आखूड व्हायला लागले ना, मग वाटलं, आता तर आपोआपच वाढतेय मी."