जांभळी खोली पांढरी झाली

सकाळी साडेनऊला वायरमनने बटण दाबलं आणि जांभळी खोली एका क्षणात पांढरी झाली. इतकी पांढरी, की मांडणीवरच्या चार हजार बाटल्यांतलं एकूण एक रोप नुकतंच अंघोळ करून बसल्यासारखं दिसायला लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घुबडरावांनीही वाजवल्या, पण जरा उशिरा.

टिश्यू कल्चरची ती खोली, म्हणजे बाटलीतल्या जेलीत रोपं वाढवायची जागा; नऊ वर्षं तिथे लाल आणि निळे एलईडी होते. बाटलीतल्या रोपांना वाढायला तेवढे दोन रंग पुरतात, वीजही वाचते. पण माणसाला त्या उजेडात हिरवं पान काळं दिसतं. रोप पिवळं पडलंय का ते पाहायला तपासणारा जो तो बाटली घेऊन दाराबाहेरच्या ट्यूबलाइटखाली पळायचा. एकटे घुबडराव कधी पळाले नाहीत. आतच उभे राहून ते बाटली डोळ्यांशी धरायचे आणि नासकी बरोबर बाहेर काढायचे; घुबडराव हे नावही त्यावरूनच पडलेलं. बुरशीने नुसतं मनात आणलं तरी त्यांना कळतं, असं म्हणत. एकदा तर त्यांनी अजून न भरलेली बाटली नासकी म्हणून बाजूला ठेवली होती म्हणे, आणि ती खरोखरच बुडाशी तडकलेली निघाली. यातलं निम्मं सोडून दिलं, तरी उरलेलं निम्मं पुष्कळ होतं.

"आता उजेड असा आहे, की आंधळ्यालाही दिसेल," मॅडम म्हणाल्या. खोली त्यांच्या ताब्यात होती. "तपासायला तीन माणसं कशाला? एक पुरे. बाकीचे दोघे उद्यापासून बाटल्या धुवायला. एकेक कप्पा घ्या, कोण राहील ते त्यावरून ठरवू. खराब बाजूला काढा. चांगल्या आजच्या गाडीने जातील."

तिघे कामाला लागले. काचेपलीकडे, रोपं कापायच्या टेबलाशी घुबडरावांची बायको बसली होती. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, मधे तेवढे डोळे. वीस मिनिटं तिच्या हातातला चिमटा हवेतच होता.

घुबडरावांनी अकरा बाटल्या बाजूला काढल्या. मॅडमनी एक उचलली, दुसरी उचलली, आणि भुवया वर गेल्या.

"अहो, या तर पोपटासारख्या हिरव्या आहेत! आणि ही बघा, ही पिवळी पडलेली कप्प्यात तशीच ठेवलीत." त्यांनी ती बाटली घुबडरावांच्या नाकासमोर धरली. "हिचा रंग कोणता?"

"तुम्ही म्हणाल तो," घुबडराव म्हणाले.

बाकीच्या दोघांपैकी एक फिसकन हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"मला लहानपणापासून हिरवं-पिवळं सारखंच दिसतं, मॅडम. त्या जांभळ्या उजेडात कोणालाच दिसत नव्हतं, म्हणून माझं भागलं."

मॅडमनी काचेवर टकटक करून बायकोला आत बोलावलं. "तुम्हाला माहीत होतं हे?"

"छे हो!" बायको म्हणाली. "एकोणीस वर्षं संसार केला, कधी तोंडातून अवाक्षर नाही!"

"रंग न दिसणारा माणूस नऊ वर्षं तपासणीला ठेवला, हे मी वर सांगू कसं?"

"वरचं नंतर बघा. या अकरांत यांना काय खटकलं, ते तरी विचारा."

"पानं नका बघू," घुबडराव म्हणाले. "पान फसवतं. बुडाशी बघा, जेलीत. नासणं तिथून सुरू होतं."

मॅडमनी पहिली बाटली उजेडात धरली. काही नाही. दुसरी. काही नाही. पाचवीला त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. देठाभोवतीच्या जेलीत धुकं होतं. आरशावर कोणी हळूच श्वास सोडावा, एवढंसं. त्यांनी पुन्हा पहिली उचलली. आता तिच्यातही होतं.

मग त्या बाकीच्या दोघांच्या कप्प्यांकडे वळल्या. खोक्यात भरून झालेल्या हिरव्यागार बाटल्यांतून त्यांनी आणखी चौदा काढल्या. मघाशी हसलेला माणूस बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती, पण तो बराच वेळ वाकून राहिला.

"गाडीवाल्याला म्हणावं, आज काही जात नाही," मॅडम म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "घुबडराव इथेच राहतील. पण गिऱ्हाईक बूड बघत नाही, पान बघतं. यांच्या शेजारी रंग दिसणारं एक माणूस पाहिजे."

"मी बसते," बायको म्हणाली.

"तुम्ही? कापायचं काम सोडून?"

"यांच्यावर लक्ष ठेवायला घरचं माणूस बरं."

मॅडम मान हलवून निघून गेल्या. बायकोने कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, "एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मला फसवलंत! माझ्या डोळ्यांचा रंग तरी ठाऊक आहे का? सांगा बघू!"

बाकीचे दोघे तमाशा बघायला सरसावून बसले.

घुबडराव जवळ आले. आधी त्यांनी डावा डोळा पाहिला, मग उजवा, मग दोन्हींच्या खालची सूज.

"दिवे बदलायचे ठरल्याला आज सहा दिवस झाले," ते तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले. "सहाही रात्री तू झोपलेली नाहीस."

बायकोने मास्क आणखी वर ओढला.