तिसरा अँटेना

कुक्षी गावात वायरलेस इंटरनेट सुरू करायचं म्हणून मी आमच्याच गच्चीवर टॉवर उभा केला. आठवडाभर डोकं खाजवून रुंद झोताचे सेक्टर अँटेना निवडले. एक अँटेना एकशेवीस अंशांचा मुलूख सांभाळतो. तीन लावले की चहूकडची खेडी आली.

दोन लागले आणि माझे वडील, नाना, गच्चीवर आले. तिसऱ्याचं तोंड कुठे वळतंय ते बघून म्हणाले, "दीपेश, माझ्या घरावर दक्षिणेकडे तोंड करून काही बसायचं नाही. यमाची दिशा ती."

"नाना, त्याच्याशिवाय गोल पुरा होत नाही."

"मग अपुरा राहू दे."

दिवसभर उन्हात वाद घातला. शेवटी मीच थकलो आणि तिसरा अँटेना परत खोक्यात ठेवला. आता आई त्या खोक्यावर पापड वाळत घालते.

काल मी जेवायला बसलो होतो, तर नाना मोबाइल नाचवत आले. "मोनाच्या सासरी आजही व्हिडिओ कॉल लागला नाही. नातीचं तोंड बघून महिना झाला. अरे, साऱ्या गावाला इंटरनेट वाटत फिरतोस, आणि सख्ख्या बहिणीच्या घरी तेवढं पोहोचत नाही?"

भांडायचं त्राण नव्हतं माझ्यात. भाकरीचा तुकडा मोडत एवढंच म्हटलं,

 

"नाना, तिला दक्षिणेला तुम्हीच दिलीत."