वरची खोली

“हर्षवदनभाई, तुमची वरची खोली तर रिकामीच आहे ना?” मृदुलाबेननी जिलबीचं ताट पुढे सरकवत सहज विचारलं.

संक्रांतीच्या पतंगांसाठी शांती समितीची माणसं हर्षवदनभाईंच्या गच्चीवर जमली होती. विषय तस्लीमचा चालला होता. समितीतल्याच गनीभाईंची ही मुलगी दिवाळीनंतर जवळच्याच इस्पितळात लागली होती. रुग्णांचे हातपाय पुन्हा चालते करायचं तिचं काम. घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सुटायला उशीर व्हायचा, म्हणून ती इकडेच खोली शोधत होती. घरमालक आधी उजेड दाखवतात, वारा दाखवतात, मग पूर्ण नाव विचारतात, असं ती हसत हसत सांगत होती. “आणि नाव ऐकलं की त्यांचा मुलगा अमेरिकेहून परत यायला निघतो. या भागातली सगळी मुलं परत यायला लागलीत, काका.” सगळे हसले होते. हर्षवदनभाईही हसले होते. त्यावरच मृदुलाबेननी विचारलं. त्या समितीत नव्यानेच आल्या होत्या.

“रिकामी आहे तशी,” हर्षवदनभाई म्हणाले. “पण माझा पुतण्या येतोय राजकोटहून. त्याला शब्द दिलाय.”

तस्लीमनं मान खाली घालून चिक्कीचा तुकडा मोडला. गनीभाई फिरकी गुंडाळत कठड्यापाशी उभे होते. ते तिथूनच म्हणाले, “हो हो, मला बोलले होते मागेच. इथं नोकरी लागली त्याला.”

हर्षवदनभाई त्यांना असं काहीच बोलले नव्हते. त्यांना पुतण्याच नव्हता.

दंगलीत शहर जळलं त्या वर्षी, संचारबंदी उठल्याच्या सकाळी, या दोघांनी मांडवीजवळच्या चौकात दोन खुर्च्या टाकल्या होत्या आणि चहाची किटली ठेवली होती. हर्षवदनभाई शाळेत भूगोल शिकवायचे, गनीभाईंचं चष्म्याचं दुकान होतं. दोन्हीकडचा जो जाईल त्याला ते चहा देत राहिले. त्यातूनच शांती समिती उभी राहिली. ईदेला गनीभाईंच्या अंगणात खीर, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, हर्षवदनभाईंच्या गच्चीवर पतंग. ताबूत असोत की गणपती, मिरवणुकीच्या पुढे दोघं बरोबर चालायचे. हर्षवदनभाई बोलायचे छान. भीती दारं लावून घेते, आपण ती उघडी ठेवायची, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज सकाळीच पेपरच्या बातमीदाराला त्यांनी ते सांगितलं होतं.

खोलीचं त्यांच्या मनात आलं नव्हतं असं नाही. संक्रांतीच्या आधीच त्यांनी सोसायटीचा कारभार पाहणाऱ्या नगीनभाईंपाशी गोष्ट काढून पाहिली होती. नगीनभाई रागावले नाहीत. पाहुणे आणा, खुशाल आणा, आपल्या सोसायटीचंही नाव होतं, असं म्हणाले. पण राहायला आणणं वेगळं. उद्या कोणाला घर विकायचं झालं तर भाव कोण देणार? हर्षवदनभाई लगेच म्हणाले होते, मी आपलं सहज विचारलं. जिना उतरताना त्यांना चक्क सुटल्यासारखं वाटलं होतं. नगीनभाईंचा नकार नाही, ते सुटल्यासारखं वाटणं आता त्यांना टोचत होतं.

हर्षवदनभाईंच्या पत्नी सरयूबेन उंधियु वाढत होत्या. नवऱ्याच्या पानाशी आल्या तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. तस्लीमला मात्र त्यांनी नको नको म्हणताना पुन्हा पुन्हा वाढलं.

दुपारभर आभाळ पतंगांनी भरलेलं होतं. हर्षवदनभाईही पतंग उडवत होते. दोन पेच लागले, दोन्ही त्यांनी हातचे घालवले. तस्लीमला संध्याकाळची पाळी होती, ती लवकर निघाली. “येते काका. मजा आली,” ती म्हणाली. तिच्या आवाजात रागबिग कुठे काही नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

“सांभाळून जा,” ते म्हणाले. “रस्त्यात मांजा आडवा येतो. गळ्याला रुमाल बांध.”

एवढंच त्यांना सुचलं.

उन्हं उतरली तशी गच्ची रिकामी झाली. गनीभाई शेवटी निघाले. हर्षवदनभाई त्यांच्याबरोबर खाली स्कूटरपर्यंत आले. एरवी दोघं फाटकाशी अर्धा तास गप्पा मारायचे, आज गनीभाई थेट स्कूटरवर बसले. गनीभाईंनी किक मारली. स्कूटर चालू झाली नाही.

“गनीभाई, पुतण्या नाहीये कोणी.”

“तुम्हाला भाऊ कुठाय, पुतण्या असायला?” गनीभाई म्हणाले.

“मग तुम्ही कशाला हो म्हणालात?”

गनीभाईंनी दुसरी किक मारली नाही. ते रागावलेले नव्हते. दिवसभर दुकान चालवून शटर ओढताना माणूस दिसतो, तसे दिसत होते.

“इतकी वर्षं समितीत माझं कामच ते आहे, भाई,” ते म्हणाले. “तुम्हा लोकांकडे काय मागायचं नाही, हे आमच्या माणसांना आधीच सांगून ठेवायचं. तस्लीमलाही सांगितलं होतं. मृदुलाबेनना सांगायचं मात्र सुचलंच नाही.”