मुंगी चावल्यासारखं

"मुंगी चावल्यासारखं होईल, आणि तेही मला. तुला काहीच नाही," असं सुनेत्रा चिमुकल्या रेवाला रोज सांगत होती, दात दाखवायच्या सरावासाठी चमचा घेऊन आ करायला लावत होती.

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोघींच्या मनगटांना पट्टे बांधले. आता लेकीची कळ आईच्या अंगात उतरणार होती. कीड कोरायला सुरुवात झाली आणि सुनेत्राच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. काही कळायच्या आत तिने आपला पट्टा ओरबाडून काढला. रेवा किंचाळली.

डॉक्टरांनी हात थांबवला. सुनेत्रा खाली मान घालून पट्टा पुन्हा बांधू लागली.

रेवाने गाल धरून हुंदका गिळला. "राहू दे, आई. मुंगी माझ्याकडे आलीय. आता तुला नाही चावणार."