कोरी पट्टी

“खाली एवढी जागा कोरी काहून सोडली?” विश्वंभर सरांनी विचारलं.

“लागते, सर,” पुनम म्हणाली. “कोऱ्या कागदावर हळद पिवळीच राहते. लाल झाली ती मातीनं झाली, कागदानं न्हाई, हे दाखवायला.”

सरांना उत्तर आवडलं. त्यांनी लगेच वळून स्वप्निलला सांगितलं, “हे पाठ कर.”

वसमतच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात त्यांचं टेबल सतरावं होतं. मागच्या भिंतीवर मोठा पांढरा कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेला गावच्या शिवाराचा नकाशा. दोनशे चौदा शेतं. प्रत्येक शेतातली मूठभर माती पाण्यात कालवायची, फडक्यातून गाळायची आणि त्या पाण्याचे दोन थेंब नकाशात त्याच शेतावर सोडायचे. वाळलं की कागद पुन्हा पांढरा. वरून स्पिरिटमध्ये कालवलेली हळद फवारली की खारवलेली, चोपण शेतं लाल होणार, बाकीची पिवळी.

कॅनॉलच्या पाण्यानं जमीन चोपण होते आणि मग हळद नीट येत नाही, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कुणाची जमीन बिघडायला लागली ते हळदीलाच विचारावं, हे सुचलं एकट्या पुनमला. तांड्यावरची पोरगी. दिवाळीची अख्खी सुट्टी ती पिशव्या घेऊन शिवारात फिरली. दोनदा कुत्री मागं लागली, एकदा एका म्हातारीनं चोर समजून हाकललं.

बोलणार मात्र स्वप्निल होता.

याचं सरांना काहीच वाटत नव्हतं असं नाही, पण फार वाटत नव्हतं. स्वप्निल समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायचा. पुनमचं बोलणं तांड्याचं आणि अक्षर वाकडंतिकडं. सातवीत आली तरी स्वतःच्या नावाचा उकार ऱ्हस्वच काढायची. “पू दीर्घ, बाई, दीर्घ!” म्हणत सर दर चाचणीत लाल पेनानं तो दुरुस्त करायचे आणि पुढच्या चाचणीत तो पुन्हा ऱ्हस्व व्हायचा.

फॉर्मवर नाव एकाचंच लागतं. निवड झाली की तेच नाव जिल्ह्याला, हिंगोलीला जातं. सरांनी स्वप्निलचं भरलं होतं.

“माझं नाव कुठं येईल, सर?” पुनमनं एकदाच विचारलं होतं.

“नाव शाळेचं येतं, बेटा. तुझं काय, माझं काय.”

“बराबर हाय,” ती म्हणाली होती आणि परत माती गाळायला बसली होती. इतकी समजूतदार पोरगी सरांनी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

आज सकाळी सर चहा पिऊन आले तेव्हा ती कागदाजवळच्या स्टुलावरून उतरत होती. हातात चुन्याची डबी.

“हे काय?”

“बापाची हाय, सर. पिशवीत आली.”

“तंबाखू तर न्हाई ना आणली?”

“न्हाई, सर. निसता चुना.”

परीक्षकांना दिसली तर शाळेची शोभा, म्हणून सरांनी डबी आपल्याच खिशात टाकली.

“फवारा वरून सुरू कर,” पुनम स्वप्निलला सांगत होती. “खालची पट्टी शेवटी. आन् ती सोडू नको, पुरी भिजव.”

“एकदा मारून बघू का?”

“कागद एकदाच चालतो.”

अकराला परीक्षक आल्या. दिपा मॅडम मातीतल्याच तज्ज्ञ होत्या. इतर टेबलांवर त्या दोन मिनिटं थांबत होत्या, इथं त्यांनी खुर्ची मागवली. स्वप्निल बोलला आणि झकास बोलला. सर ओठांनी त्याच्याबरोबर प्रत्येक शब्द म्हणत होते.

“एवढी शेतं कोण फिरलं?” मॅडमनी विचारलं.

स्वप्निलनं सरांकडं पाहिलं. “मीच, मॅडम.”

“एकटाच? कुत्री न्हाई लागली मागं?”

“न्हाई, मॅडम.”

पुनम टेबलामागं हळदीची जादा बाटली धरून उभी होती. मॅडमनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

स्वप्निलनं फवारा मारला. कागद वरून खाली पिवळा होत गेला आणि मग कॅनॉलच्या काठाकाठानं एकेक शेत लाल व्हायला लागलं. शेजारच्या टेबलांवरची पोरं धावत आली. मॅडम खुर्चीतून उठल्या. “हे थेट जिल्ह्याला जायला पाहिजे,” त्या म्हणाल्या, आणि सरांना आता हिंगोलीचं व्यासपीठ स्पष्ट दिसायला लागलं.

“आणि ही खालची पट्टी? ही कोरी का?”

“तिथं काहीच न्हाई, मॅडम,” स्वप्निल म्हणाला. पाठांतर पक्कं होतं. “कोऱ्या कागदावर हळद पिवळीच राहते. मारून दाखवतो.”

“दाखव की,” सर म्हणाले. “पुरी भिजव.”

पुनमनं बाटली खाली ठेवली, हात ओढणीला पुसले आणि ती टेबलाच्या पुढं येऊन उभी राहिली. “तू मागं थांब,” सर हळूच म्हणाले. ती हलली नाही.

पट्टी पिवळी झाली. मॅडम गुण लिहायला लागल्या, मग त्यांचं पेन थांबलं. पिवळ्यातून लाल रेघा वर येत होत्या. वाकडंतिकडं अक्षर. सरांचा हात आपोआप खिशातल्या डबीवर गेला.

मॅडमनी वाकून मोठ्यानं वाचलं, जसं लिहिलं होतं तसंच, ऱ्हस्व उकारासकट: “पुनम लालसिंग राठोड, सातवी ब.”