आईचा गुडघा

बहीण आजी झाली त्या वर्षी, थंडीच्या तोंडावर, एका रविवारी परक्या देशातल्या गावातल्या प्रार्थनाघरात मिशनरी बोलायला उभा राहिला. आई गेली, एवढंच सांगायचं होतं. मंगळवारी फोन आला होता. घर समुद्रापार. तो पोचेपर्यंत कुणी थांबणार नव्हतं. बहिणीनेच पुढे होऊन सगळं उरकलं होतं.

त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पहिल्या बाकावरून लोकरवाल्या आजी उठल्या. चौकात त्यांचं लोकरीचं दुकान होतं. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "देवा, आमच्या पाळकसाहेबांच्या आईच्या गुडघ्याला आराम दे." मागून सगळे आमेन म्हणाले.

हे दर रविवारचं होतं. इथे आला त्या पहिल्या हिवाळ्यात त्याने आईच्या गुडघ्यासाठी प्रार्थना मागितली होती, आणि मंडळीने तो गुडघा जणू दत्तकच घेतला. आईला इथे कुणी पाहिलं नव्हतं. तरी पोस्टमनच्या मते ती उंच होती. बेकरीवाला पैजेवर सांगायचा की बाई बुटकी आणि खमकी असणार, त्याशिवाय असा मऊ मुलगा निपजायचा नाही.

त्या सकाळी धुकं काचांना टेकलं होतं. आमेनचा आवाज हळूहळू विरला, आणि मिशनऱ्याला आई दिसली. भिंतीला हात लावून उठत होती, स्वतःशीच पुटपुटत होती. घरी ती नव्हती. इथे अजून चालत होती. त्याने गाण्याचा क्रमांक सांगितला आणि तो खाली बसला.

मग ती चालतच राहिली. रविवारामागून रविवार, धुक्यातून, बाकांच्या मधल्या वाटेने. "आता कसं आहे आईचं?" कुणी विचारलं की तो म्हणायचा, "आता त्रास नाही." लोकांना बरं वाटायचं. त्यालाही वाटायचं. घरी फोन करणं मात्र त्याने कमी केलं. तिथे आई नसल्याचं ऐकू यायचं.

थंडी ओसरायला लागली तेव्हा लोकरवाल्या आजींनी त्याला दुकानात ओढलंच. "आईसाठी गुडघ्याची पट्टी विणतेय. माप सांगा."

"माप मला माहीत नाही, आजी."

"स्वर्गाची वाट तोंडपाठ, आणि आईच्या गुडघ्याचं माप माहीत नाही? विचारा घरी!"

त्याने बहिणीला फोन केला. आधी नातीची चौकशी केली, मग हवेची. शेवटी विचारलं.

बहिणीने विचारलं, "तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"नाही."

ती रागावली नाही. खण उघडल्याचा आवाज आला. "थांब, टेप घेते."

"कुणाचं माप घेतेस?"

"माझं. मीही आता कठडा धरूनच चढते. डॉक्टर म्हणाले, आईच्या वळणावर गेलात." तिने माप सांगितलं. "आणि दादा, टोचणारी लोकर नको म्हणावं."

पट्टी निळी झाली. पोस्टमनने पार्सलवर स्वतः शिक्के मारले, मुलीची पाठवणी करावी तसे. काही दिवसांनी बहिणीचाच फोन आला.

"अगदी बसली रे. ऊबही छान आहे."

"आजींना सांगतो."

"काय सांगशील?"

"आईला बसली म्हणून."

बहीण म्हणाली, "दादा, एक विचारू? तुझी मंडळी मला ओळखते का रे?"

तो फोन घेऊन खिडकीशी गेला.

"आईला धड ऐकू यायचं नाही. तुझा फोन आला की तो तिच्या कानाशी धरून मी उभी असायचे. तू सांगायचास, सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतात. आई खूश व्हायची. मला वाटायचं, एखाद्या रविवारी माझंही..." ती हसली. "जाऊ दे. आजी झाले ना, म्हातारचळ लागला."

फोन ठेवल्यावरही तो तसाच कानाशी धरून बसला. इतकी वर्षं त्या फोनमध्ये आईच्या श्वासाबरोबर आणखी एक श्वास होता. त्याने तो कधी ऐकलाच नव्हता.

रविवारी तो उभा राहिला. आजी प्रार्थनेला उठायच्या आत म्हणाला, "मला एक बहीण आहे. पट्टी तिच्या गुडघ्यावर आहे." मग आई गेल्याचं आणि उरलेलं सगळं सांगितलं. बेकरीवाला मांडीवरची टोपी हातात चुरगाळत राहिला.

लोकरवाल्या आजी नेहमीसारख्या उठल्या. मग त्यांनी विचारलं, "नाव काय तिचं?"

त्याने नाव सांगितलं. आजींनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि डोळे मिटले.

मिशनऱ्याची आई तिच्या घरी वारली ती थंडीच्या तोंडावर, एका मंगळवारी. या गावात ती वारली वसंतातल्या पहिल्या रविवारी, सगळ्या मंडळीच्या देखत, आणि तेव्हा तिचा मुलगा जवळ होता.