केझायाचा जबाब

‘स्वखुशीने’ हा शब्द त्या पानावर नव्हताच.

नेल्डा स्टॅम्परने ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. कौंटी कचेरीच्या तळघरात जुनी खरेदीखतं वाचण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. प्रत्येक खताच्या शेवटी तोच तो मजकूर असायचा. नवरा जमीन विकायला निघाला की न्यायाधीश बायकोला वेगळ्या खोलीत नेऊन विचारायचे, बाई, तुमची संमती आहे ना? नवऱ्याने धाकदपटशा तर केला नाही? बाई ‘स्वखुशीने’ हो म्हणायची. सगळ्याच बाया हो म्हणायच्या, म्हणून पूर्वज धुंडाळणारं कुणी तो मजकूर वाचतच नाही. नावं टिपायची, ओढा कुठला ते टिपायचं, साक्षीदार टिपायचे आणि पान उलटायचं. नेल्डानेही इतकी वर्षं हेच केलं होतं.

‘नवऱ्यापासून वेगळे घेऊन विचारले असता नकार देते. जमीन विकू देणार नाही म्हणते.’ १८३८ सालच्या कारकुनाने हे तिरक्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. बाईचं नाव केझाया स्टॅम्पर. नेल्डाच्या नवऱ्याची, रॉइसची, पाच पिढ्यांमागची आजी.

नेल्डाला आपलंच पुस्तक आठवलं. तिने स्वतः छापून घेतलेल्या घराण्याच्या पुस्तकात काय होतं? ‘केझायाच्या नवऱ्याने जमीन विकली, पुढे परत विकत घेतली असावी.’ असावी! परत घेतल्याचा कागद तिला कधीच सापडला नव्हता. आज विक्रीचे कागद करणाऱ्या वकीलबाईंना मालकीच्या साखळीतला नेमका तोच दुवा हवा होता, म्हणून तर ती पुन्हा खाली उतरली होती. तीच जमीन रॉइस आज खडीच्या खाणवाल्यांना विकत होता. आता फक्त नेल्डाची सही राहिली होती. केंटकीत बायकोच्या सहीवाचून अजूनही कुणी जमिनीला हात लावत नाही.

तिला चर्चच्या वहीतली ओळ आठवली. ती तिला तोंडपाठ होती. ‘केझाया स्टॅम्पर हिला गैरवर्तनाबद्दल मंडळीतून काढले.’ दर उन्हाळ्यात घराण्याच्या मेळाव्यात तळलेल्या कोंबडीवर ताव मारत रॉइस हा किस्सा तिखटमीठ लावून सांगायचा. “आमची आजी भलतीच रंगेल होती बरं का!” सगळे पोट धरून हसायचे. नेल्डाही हसायची. गैरवर्तन म्हणजे आणखी काय असणार? आता तिने दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. मंडळीने तिला काढलं होतं ते या नकारानंतरच्याच महिन्यात.

आणि १८४०ची शिरगणती? त्या काळी घरच्या कर्त्याचंच नाव लिहायचे, बायकामुलं म्हणजे रकान्यांतल्या नुसत्या रेघा. ओढ्याकाठच्या घरापुढे कर्ता म्हणून केझायाचं नाव होतं. नवरा मेल्याची नोंद कुठेच नसताना नेल्डाने तिला खुशाल विधवा ठरवून टाकलं होतं. तो तिला आणि जमिनीला टाकून निघून गेला होता, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं.

“अगं ए!” जिन्यावरून रॉइस ओरडला. “मढी उकरून झाली असतील तर चल आता. खाणवाले ताटकळलेत.”

“कॉफी पाज त्यांना.”

“तिसरी चाललीये! चल, सही कर, की आपण फ्लोरिडाला जायला मोकळे.”

“रॉइस, टेकडीवर एमी आहे.”

तो दोन पायऱ्या खाली आला. एमी त्यांची पहिली लेक. रांगायच्या आधीच गेली होती, त्याच जमिनीवर पुरलेली.

“तिला नीट हलवणार आहेत ते, लिहून दिलंय तसं,” तो हळू आवाजात म्हणाला. “माझ्याच्याने आता शेत होत नाही, नेल्डा. बापजाद्यांनी राखली. मला नाही जमत.”

“बापजाद्यांनी,” नेल्डा म्हणाली, आणि खतांची वही मिटून जिना चढू लागली.

वकिलांचं ऑफिस रस्त्यापलीकडेच होतं. खाणीची दोन माणसं तिथे कॉफी पीत बसली होती. मिस टॅकेट नेल्डाच्या मुलीच्या वयाची असेल. तिने कागद पुढे सरकवले. “मिसेस स्टॅम्पर, इथे आणि इथे. तो मागचा दुवा मिळाला का?”

“मिळाला. परत घेतलीच नव्हती. विकलीच गेली नव्हती.”

“मग तर फारच सोपं झालं,” मिस टॅकेट खूश होऊन म्हणाली.

नेल्डाने पेन उचललं नाही. “रॉइस, तू जरा बाहेर थांब. या दोघांनाही घेऊन जा.”

“आता हे काय नवीन?”

“जा. आणि दार लावून घे.”

रॉइसने खाणवाल्यांकडे बघून डोळा मारला. “चला रे. बायकांचं काहीतरी गुपित दिसतंय.” तिघं बाहेर जाऊन काचेपलीकडे बसले. रॉइसने लगेच कसला तरी किस्सा सुरू केला.

“काही अडचण आहे का?” मिस टॅकेटने विचारलं.

“अडचण नाही. तू मला विचार.”

“काय विचारू?”

“एका बाईला विचारायचं असतं ते.”

मिस टॅकेट गोंधळली. तिने काचेकडे बघितलं, कागदांकडे बघितलं, मग नेल्डाने न उचललेल्या पेनाकडे. ती खुर्ची पुढे ओढून बसली.

“मिसेस स्टॅम्पर, ही जमीन विकायची तुमची इच्छा आहे का?”

अख्ख्या संसारात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. उत्तर हळूच द्यायचं, असं नेल्डाने रस्ता ओलांडताना ठरवलं होतं. पण ते असं काही बाहेर पडलं, की काचेपलीकडे रॉइस किस्सा अर्धाच टाकून ताडकन उभा राहिला.